चौथं रोप

माझी भाची डेलीना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. सुट्टीत आली आणि मला ओढतच डोंगरात घेऊन गेली, जिनसेंगची औषधी मुळी काढायला. आम्हा चेरोकी आदिवासींची रीत अशी, की पहिली तीन रोपं सोडायची, चौथं खणायचं आणि त्या जागी एक मणी ठेवायचा.

दुपारपर्यंत तीन सापडली. प्रत्येक रोपापाशी पोरगी हरखून नाचली. चौथं मात्र काही केल्या दिसेना.

माझे गुडघे कुरकुरायला लागले. "तिसरंच घे गं. बघतंय कोण?"

"मामा, रीत तूच शिकवलीस ना?" असं म्हणत तिने तिसऱ्याची पिकलेली लाल फळं तोडली, शेजारी मातीत दाबली आणि वर मणी ठेवला.

"हे चौथं. सात वर्षांनी खणायला येऊ. तोवर गुडघे सांभाळ."