इथं पाणी किती आलं होतं?

दीक्षा मोहितेची बदली चिपळूणला झाली तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. हेदवीच्या पलीकडच्या एका वाडीतून रोज एसटीने गुहागर गाठायचं, दिवसभर आवक-जावक रजिस्टर भरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, यात तिची सात वर्षं गेली होती. आता तालुक्याचं मोठं गाव मिळालं. लेकीला, मनस्वीला, बरी शाळा मिळणार होती, आणि मुंबईत गोदामात नोकरी करणाऱ्या नवऱ्याला, प्रज्ञेशला, रेल्वेने पाच-सहा तासांत घरी येता येणार होतं. शिपायाने तर पेढेच मागितले. दीक्षा हसली, हुकमाचा कागद पर्समध्ये ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ न सोडता नुसती उभी राहिली.

२०२१च्या जुलैत ती चिपळुणात होती. संगणकाची एक खात्यांतर्गत परीक्षा होती, म्हणून श्रद्धा नावाच्या मैत्रिणीच्या तळमजल्यावरच्या खोलीत ती दोन दिवसांपुरती उतरली होती. उजाडायच्या सुमाराला दाराखालून पाणी आत आलं. चपला तरंगायला लागल्या, मग गॅसची शेगडी बुडाली. दोघी समोरच्या इमारतीच्या स्लॅबवर चढल्या आणि तो अख्खा दिवस तिथेच भिजत बसल्या. खालून फ्रीज वाहत गेले, मोटारसायकली गेल्या, एक म्हैस गेली. पलीकडच्या गल्लीत एका खिडकीचे गज धरून एक बाई हाका मारत होती. कोणाचं नाव घेत होती ते कळत नव्हतं. दुपारी कधीतरी हाका थांबल्या. तिला कोणी काढलं की काय झालं, हे दीक्षाला कधीच कळलं नाही. तिने कोणाला विचारलंही नाही, कारण उत्तर ऐकायची छाती नव्हती.

अशा बाईला आता त्याच गावात घर शोधायचं होतं.

मे महिन्याच्या एका रविवारी ती सासूला, कमलाबाईंना घेऊन चिपळूणला आली. रितेश नावाचा एक एजंट स्कूटरवर पुढे, त्याच्या मागे रिक्षात या दोघी. रितेश खोलीचा हवेशीरपणा सांगायचा, बाजार किती जवळ ते सांगायचा. दीक्षा मात्र प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची.

"इथं पाणी किती आलं होतं?"

लोक तोंडाने सांगत नसत. हाताने दाखवत. कोणी कमरेशी हात नेई, कोणी छातीशी, एका दुकानदाराने तर मान वर करून पंख्याकडे बोट केलं. भिंती नव्याने रंगवल्या होत्या, पण कपाटाच्या मागे, जिन्याच्या पोटात गाळाची रेघ राहिलेली असे. दीक्षा ती शोधून काढायची.

बाजाराजवळच्या एका आळीत रावजी नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याचं घर होतं. खाली तो आणि त्याची बायको चिमा राहत, वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. बाहेरून सिमेंटचा जिना, चौदा पायऱ्यांचा. "कितीजणं?" एवढंच त्याने विचारलं. वरच्या खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रेघ होती.

"वरच्या मजल्यावर पण?" दीक्षाने विचारलं.

"आलं तसं गेलं," रावजी म्हणाला. जिन्याच्या तोंडाशी खुंटीवर जाड दोरखंडाचं वेटोळं टांगलेलं होतं. त्याकडे बघवेना. ती कमलाबाईंचा हात धरून खाली उतरली.

आपल्या लोकांच्या वस्तीतही त्या जाऊन आल्या. तिथे खोल्या भरलेल्या होत्या, आणि जी एक रिकामी होती तिच्या पत्र्यावरून पाणी गेलं होतं.

शेवटी रितेशने त्यांना गावाबाहेरच्या चढावर नेलं. नवी कॉलनी, आंबे तोडून केलेले प्लॉट, चिऱ्याची कुंपणं. तिथून नदी दिसतसुद्धा नव्हती. नलिनीबाई नावाच्या घरमालकीण स्वतः खाली राहत, मागच्या बाजूचा वरचा ब्लॉक भाड्याने देत. दीक्षाने नेहमीचा प्रश्न विचारला तशा त्या हसल्या. "इथं? अगं, सगळं गाव बुडलं तेव्हा आमच्याकडे माणसं कपडे वाळवायला आली होती."

दीक्षाला वाटलं, इथेच फरशीवर आडवं व्हावं आणि झोपून जावं.

"आडनाव काय म्हणालात?"

"मोहिते."

"कुठले मोहिते?"

"हेदवीच्या बाजूचे."

"अगं बाई, म्हणजे दशभुजा गणपतीजवळचे! वर्षातून एकदा जाणं असतं हो आमचं." नलिनीबाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं. आम्ही कसं, माणसं बघूनच देतो जागा. कोणालाही नाही देत."

रितेशने दीक्षाकडे पाहिलं. मग स्कूटरच्या किल्लीकडे पाहत राहिला. कमलाबाई अंगणातल्या जास्वंदीपाशी उभ्या होत्या, त्यांच्या कानावर गेलं की नाही ते कळलं नाही. दीक्षाच्या ओठांवर वाक्य आलं होतं. आम्ही बौद्ध आहोत. तीन शब्द. त्या तीन शब्दांच्या पलीकडे तिला पुन्हा तो स्लॅब दिसला, आणि ती गप्प राहिली.

जूनमध्ये पाऊस लागला. पत्र्यावर ताशे वाजल्यासारखा कोसळायचा आणि दीक्षा निवांत झोपायची. चार वर्षांत पहिल्यांदाच. पण सकाळी दाराची कडी काढायच्या आधी ती अंगणात कोणी आहे का ते खिडकीतून बघायची. बाबासाहेबांची आणि बुद्धाची, दोन्ही तसबिरी जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यातच होत्या. फोनवर माहेरची माणसं "जय भीम" म्हणत तेव्हा ती घाईघाईने आवाज कमी करायची आणि "हं, हं, बोल" म्हणायची. मनस्वीला तिने बजावलं, "शेजारी कोणी काही विचारलं तर आईला विचारा म्हणायचं." सहा वर्षांची पोर. "काय विचारतील?" तिने विचारलं.

एकदा नलिनीबाई गरम घावणे घेऊन आल्या आणि थेट स्वयंपाकघरातच टेकल्या. चांगल्या होत्या तशा. मनस्वीच्या केसांना स्वतःच्या हाताने तेल लावायच्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरून फिरली.

"देव कुठे मांडलेत गं?"

हातातला पेला दीक्षाने हळूच ओट्यावर ठेवला. "अजून... सामान उघडायचंय सगळं."

"महिना होत आला की. देवाला असं बांधून ठेवू नये."

त्या गेल्यावर कमलाबाई आतून आल्या. घावणे तसेच झाकून ठेवले.

"कुणाला भितंस गो बाय?"

"भीत नाही, आई. उगाच कशाला विषय."

"माझा बापूस, सखाराम," कमलाबाई म्हणाल्या, "धम्म घेतला तेव्हा घरातले देव पाटीत घालून खाडीत सोडायला घेऊन गेलेला. मी एवढीशी होते. अख्खा गाव बघत उभा होता. त्याचे पाय लटलट कापत होते, मी त्याचं धोतर धरलेलं, मना माहीत हाय. भ्याला नव्हता असं नाय. पण गेला."

"तिकडे घरात पाणी शिरत नव्हतं ना आई," दीक्षा एकदम म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते झालं. दुपारी कचेरीत ती टपाल नोंदवत असताना मनस्वीच्या वर्गाच्या ग्रुपवर संदेश आला. 'शिष्यवृत्तीसाठी खालील विद्यार्थ्यांच्या पालकांनी जातीचे दाखले जमा करावेत.' खाली पाच नावं होती. चौथं नाव मनस्वी प्रज्ञेश मोहिते. नलिनीबाईंचा नातू स्वरूप त्याच वर्गात होता आणि त्याची आई त्याच ग्रुपवर. दीक्षा स्क्रीनकडे पाहत राहिली. संदेशाखाली एकेक करून अंगठे उमटत होते, आणि तिला प्रत्येक अंगठ्यामागचा चेहरा दिसत होता.

त्या दिवशी ती चढ चढून घरी आली तेव्हा नलिनीबाई अंगणात होत्या. त्या वळल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मनस्वी त्यांच्या दाराशी गेली आणि लगेच परतली. "आजी म्हणाल्या, स्वरूप अभ्यास करतोय." तिसऱ्या दिवसापासून दीक्षा पाऊल वाजलं की दचकायची. पुराच्या दिवशी निदान पाणी कुठवर आलंय ते दिसत तरी होतं.

शनिवारी सकाळी तिने खोकं उघडलं. लुगडं सोडलं, तसबिरी पुसल्या, खिळे ठोकले. हातोडीचा आवाज खालपर्यंत जात असणार हे तिला ठाऊक होतं. मग केस नीट बांधून ती नलिनीबाईंच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"काकू, बोलायचं होतं."

नलिनीबाईंनी तिला आत बोलावलं नाही. उंबऱ्याच्या आतूनच म्हणाल्या, "सांगायला हवं होतंस तू."

"हो."

"मी विचारलं होतं."

"हो, विचारलं होतंत. मी घाबरले."

नलिनीबाईंचे डोळे क्षणभर तिच्यावर ठरले. मग त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण आमच्याकडे सोवळंओवळं असतं, ह्यांना चालत नाही. शिवाय पुतण्याला ती जागा लागणारच होती. महिनाअखेरपर्यंत बघ काय ते."

ऐन जुलै. दीक्षा पुन्हा जागा बघत हिंडली. या वेळी रितेशला आधीच म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत, हे पहिल्या वाक्यात सांगायचं." उंचावरच्या एका घरी "कळवतो" म्हणाले. दुसरीकडे जागा नुकतीच गेली होती. तिसऱ्या ठिकाणी एक मास्तरीण आनंदाने हो म्हणाल्या, पण घराच्या मागे डोंगर उभा कापलेला होता आणि लाल माती सुटून परसातल्या तुळशीपर्यंत आली होती. दीक्षाने त्या मातीवर पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत रुतला.

त्यानंतर ती एकटीच रावजीच्या आळीत गेली.

"त्या दिवशी पळालात," रावजी म्हणाला. मशीनवरून मान वर न करता.

"पाण्याला घाबरते मी."

"मग बरोबर पळालात."

"आम्ही बौद्ध आहोत."

"असं." त्याने दोरा तोडला. "खिळे जपून ठोका. भिंत ओल धरते, पोपडे पडतात."

प्रज्ञेश दोन दिवसांची रजा काढून आला, सामान हलवलं आणि परत गेला. त्यानंतरचे आठ दिवस दीक्षाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी उशीखाली. कचेरीत बसल्या बसल्या ती नदीची पातळी बघायची, समुद्राच्या भरतीची वेळ बघायची. लोक म्हणत, मोठी भरती आणि वर घाटातला पाऊस एका वेळी आला की संपलं.

नवव्या दिवशी सकाळी अकराला पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. कचेरी सुटली. मनस्वीला शाळेतून घेऊन ती आळीत शिरली तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. पोरीला कडेवर घेऊन ती अशी चालली की चप्पल कुठे गेली कळलं नाही. वर पोचली तेव्हा रावजी आणि चिमा दोरखंडाने शिलाई मशीन वर ओढत होते. कमलाबाईही ओढायला लागल्या होत्या.

दुपारी एकला पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. मग तिसऱ्या. दीक्षा जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तिला तिथून हलता येत नव्हतं. चिमाने तिच्या खांद्यावर गोधडी टाकली.

"तुम्ही कसे नाही घाबरत?" तिने रावजीला विचारलं.

"कोण म्हणतं?" रावजीने आपला हात पुढे केला. बोटं कापत होती. "सुईत दोरा जायचा नाही आज. मागल्या वेळी हिला दोरीने ओढून वर घेतली मी. तेव्हापासून पावसाळाभर पोटात गोळा असतो. जाऊ कुठं?"

कोणी तिला धीर धर म्हणालं नाही. चौघं मोठी माणसं आणि एक पोर, सगळी भ्यालेली, एका खोलीत दाटीवाटीने बसली. चिमाने स्टोव्ह पेटवून चहा केला. मनस्वीने मोठ्याने विचारलं, "आई, आपण बुडणार का?" आणि दीक्षा खरं तेच म्हणाली, "मला माहीत नाही, बाळा. पण दोरी आहे आणि आपण वर आहोत."

चार वाजता पाणी सहाव्या पायरीवर आलं. साडेचारलाही तिथेच होतं. पाचच्या सुमाराला रावजी वाकून बघत म्हणाला, "पाचवी दिसायला लागली." कोणी आनंदाने ओरडलं नाही. कमलाबाई तेवढ्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी आळी गाळ उपसत होती. दीक्षाने साडी खोचून चिमाचं स्वयंपाकघर धुऊन काढलं. शनिवारी प्रज्ञेश आला, पायऱ्यांवरचा गाळ बघत वर चढला. "दुसरी जागा बघूया का?" त्याने विचारलं.

"बघतेय मी," ती म्हणाली. "रितेशला सांगून ठेवलंय. उंचावर, आणि आधी सगळं सांगून."

ती अजून तिथेच आहे. जागा अजून मिळालेली नाही. पाऊस वाढला की ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते. खालून रावजी विचारतो, "किती?" आणि ती पायऱ्या मोजून सांगते.