काट्याची आणि प्रिंटरची एकच घंटा

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. घरी सुनेजवळ नाही, कामावरच्या बायकांजवळ नाही. आज बोलते — मधे अडखळले तर अडखळू द्या.

गारखेड्यात एका कारखान्यात मी काम करते. आडत्यांसाठी वजनकाटे बनतात तिथं. काटा, छोटा कम्प्युटर, पावती काढणारा प्रिंटर. पडेगावची सना कम्प्युटरचं काम बघायची. काट्याचा ड्रायव्हर तिनं लिहिलेला. ड्रायव्हर म्हणजे गाडीवाला नव्हे — यंत्राचं म्हणणं कम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम. एकदा चहा पिताना तिनं समजावलं, "मावशी, दोन बिऱ्हाडं अन् दाराला एकच बेल. वाजली की दोघांनी बघायचं, पाहुणा आपला हाय का. नसला तर दुसऱ्याला उठू द्यायचं." काटा आणि प्रिंटर, दोघांना मिळून अशी एकच घंटा होती.

"अन् दोघंबी उठले नाय तर?" मी विचारलं.

"मग शिव्या मला!"

माझं काम तपासणीचं. पावती निघत असतानाच काट्यावर वजन ठेवायचं. दोन्ही एकदम चालले तरच कळणार ना, एकमेकांच्या पायात येतात का? तसं केलं की काटा कधीकधी गोठायचा. मग बंद करा, चालू करा, सगळं पहिल्यापासून. तोवर शेजारी खोक्यांची थप्पी. मग मी काय केलं? पावती पुरी निघू द्यायची, प्रिंटर थांबला की वजन ठेवायचं. एकेकटे दोघंही गुणाचे. हिरवं स्टिकर लावायचं, पुढचं खोकं ओढायचं. गोठतं हे कुणाला सांगितलं? नाही.

पुढं सनानं तिच्या ड्रायव्हरमध्ये थोडा बदल केला. नंतर काटे लासूर स्टेशनच्या आडत बाजारात गेले. तिथं पावती निघताना ते गोठायला लागले. गाड्या खोळंबल्या, हमाल ओरडले, आडत्यांनी मालकाला फैलावर घेतलं. मालकानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, सनाच्या बदलाआधी दोन्ही संगं चालवून बघितलं व्हतं का?"

"व्हय. कायम संगंच."

झालं. आधी ठीक होतं म्हणजे बदलानंच बिघडलं. सनाला काढलं.

पण ते एवढंच असतं तर — नाही, एवढंच नव्हतं. जाताना ती फाटकापाशी माझ्यासाठी थांबली. "मावशी, आठवून बघा ना. आधी एकदा तरी अडकलं असंल?"

आठवायचं काय होतं त्यात? मी म्हणाले, "नाय गं. तुझंच कायतरी चुकलं असंल."

हे शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

मग नवा इंजिनिअर आला आणि त्यानं दोष शोधून काढला. प्रिंटरचा ड्रायव्हर, जो प्रिंटरबरोबरच विकत आलेला, वाजलेली प्रत्येक घंटा आपलीच म्हणायचा. काट्याची हाक तिथंच मरायची. पहिल्या दिवसापासून तसं होतं. सनाच्या कामात काही खोट नव्हती. मालक "असं व्हतंय" म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला. सनाला कुणी बोलावलं नाही. मी तिथंच उभी होते, वजनं पुसत. बोलता आलं नसतं का? आलं असतं.

परवा बाजारात तिची अम्मी भेटली. म्हणाली, "कम्प्युटर छोड दी उसने. बोलती, मेरे को ये काम आताच नै." सना आता भावाच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकते. मी मान हलवली आणि केळ्यांचा भाव विचारला.

मी चौथी शिकले म्हणून हे घडलं नाही. वय झालं म्हणूनही नाही. मला सगळं कळत होतं.

उद्या सकाळी आधी मालकाला सांगणार, जे सनाच्या वेळेला सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच फिरवणार. मग पडेगाव. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी सांगणार — तुझं काम बरोबर होतं, खोटं मी बोलले. तिनं शटर ओढलं तर आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बाहेरून सांगीन.