उलट्या पात्यांचा पंप

सगळे त्यांना सोयरे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे, कामावरून पडलेलं नाव. जुन्या गाडीचा एखादा पार्ट मिळेनासा झाला, कंपनीने हात वर केले, दुकानदाराने तोंड वाकडं करून "आता नवी गाडीच घ्या" म्हणून सांगितलं, की माणूस सोयऱ्यांच्या शेडचा रस्ता धरायचा. सोयरे तो तुटका पार्ट हातात घेऊन दोनदा उलटसुलट फिरवायचे आणि म्हणायचे, "याच्यासाठी स्थळ आहे माझ्याकडे." मग शेडमागच्या ढिगातून भलत्याच मॉडेलचा पार्ट निघायचा, आणि तो बरोब्बर बसायचा.

"जगभरच्या लोखंडाची लग्नं लावलीस, स्वतःचं तेवढं राहिलं," त्यांची आई म्हणायची. सोयरे छप्पन्न वर्षांचे, आई ऐंशीच्या पुढची, घरात दोघंच.

"माझ्या मापाचं मिळालं नाही," सोयरे म्हणायचे.

"माप घ्यायला कधी घराबाहेर पडलास?"

यावर ते चहा टाकायला आत जायचे.

विद्या ते कुठे शिकले म्हणाल, तर इंजिनं धुता धुता. वीस वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उघडलेली इंजिनं धुतली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की कंपनी दर चार वर्षांनी गाडीचा चेहरा बदलते, पण पोटातलं बरंचसं तेच ठेवते. कुठल्या मॉडेलचं काय कुठे चालतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्याची थोडी घमेंडही होती. आता एवढं येत असताना घमेंड नसेल तर माणूस साधूच म्हणायचा, आणि सोयरे काही साधू नव्हते.

घमेंड नव्हती ती फक्त सिस्टरसमोर. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करणारी नर्स. सोयऱ्यांच्या आईच्या पायाला जखम झाली होती, काही केल्या भरेना. डॉक्टर पाय काढायची भाषा बोलू लागले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मला दोन महिने द्या." एक दिवसाआड यायच्या, गुडघे टेकून बसायच्या आणि निगुतीने ती जखम धुऊन पट्टी बांधायच्या. आठ महिने झाले, पाय जागेवर होता आणि जखम रुपयाएवढी उरली होती. सोयऱ्यांना या बाईपुढे काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून ते तिच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे राहायचे.

गाडी सिस्टरची स्वतःची होती, पंचवीस वर्षांची. तिच्यावरच लांबच्या घरांची फेरी चालायची. गाडी गेली तर त्यांना पाठवणारं ऑफिस ती लांबची घरं यादीतून काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सोयऱ्यांचं घर सगळ्यात लांब होतं. म्हणून तिचा वॉटर पंप कुरकुरायला लागला तेव्हा सोयऱ्यांनी हातातली सगळी कामं बाजूला ठेवली. त्या मॉडेलचा पंप कुठेच नव्हता. त्याच्याहून दहा वर्षांनी नव्या असलेल्या मॉडेलचा एक ढिगात सापडला. चारही बोल्ट जुळले, दांडा जुळला, जुनी पुली चढली. दीड तासात काम फत्ते. "सख्खे भाऊ आहेत दोघं," सोयरे म्हणाले. सिस्टर हसल्या आणि निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सोयरे दुपारी घरी जेवायला आले, तर आई म्हणाली, "आज सिस्टर चालत आल्या रे."

"चालत?"

"घामाघूम झाल्या होत्या. पट्टी केली, तांब्याभर पाणी प्यायल्या. म्हटलं गाडी कुठाय, तर म्हणाल्या, जरा तापलीय, सोडलीय रस्त्यात. तुला सांगू नका म्हणाल्या, जेवण व्हायच्या आधी."

सोयऱ्यांचं जेवण तिथेच संपलं.

गाडी अर्ध्या चढावर उभी होती, घरापासून दोन किलोमीटरवर. ओढून आणली. सोयऱ्यांनी रेडिएटर पाहिला, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून पाहिला, सगळं ठीक. शेवटी पंप काढला आणि जुना पंप शेजारी ठेवला. तेव्हा कारण दिसलं. नव्या पंपाची पाती उलट्या बाजूला वळलेली होती. नव्या मॉडेलमध्ये पट्टा पंपाच्या पुलीला पाठीने लागतो आणि पंप उलटा फिरतो. बाहेरून दोन्ही पंप एकसारखे, पण या गाडीत तो पंप पाणी ढकलत नव्हता, नुसतं घुसळत होता. सपाट रस्त्यावर दोन दिवस निभावलं, चढाला उघडं पडलं. सोयऱ्यांनी बोल्ट पाहिले, दांडा पाहिला, पाती कुठल्या बाजूला वळलीत तेवढं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर शेडमध्ये आल्या. थर्मोस्टॅट खराब होता म्हणून सांगितलं असतं तर त्यांना काय कळणार होतं? सोयऱ्यांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्यांनी दोन्ही पंप टेबलावर ठेवले आणि बोटाने दाखवलं.

"चूक माझी आहे, सिस्टर. मी उलटा पंप बसवला. आता इंजिनाचं हेड उघडतो. तापून वाकलं असेल तर या इंजिनात राम नाही, आणि दुसरं हेड माझ्याकडे नाही."

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "उघडा. मी थांबते."

हेड निघालं. सोयऱ्यांनी ते पुसलं, त्याच्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि तिच्याखालून फट मोजायची सगळ्यात पातळ पत्ती सरकवून पाहिली. गेली नाही. तिरकी धरून पाहिली, दुसऱ्या टोकाने पाहिली, कुठेच गेली नाही. हेड सरळ होतं. सोयऱ्यांनी हात पुसले.

मग जुन्या पंपाची पाती नव्या पंपाच्या दांड्यावर चढवली. जुन्याची बेअरिंग गेली होती, पाती धड होती. नव्याचं नेमकं उलट. संध्याकाळपर्यंत गाडी चालू झाली. अर्धा तास दोघं तापमानाच्या काट्याकडे बघत उभे राहिले. काटा मधोमध आला आणि तिथून ढळला नाही.

पण सोयऱ्यांना एक कोडं पडलं होतं. काटा वर गेला तरी शंभरातले नव्वद लोक गाडी पुढे रेटतात, दोनच किलोमीटर तर राहिलेत म्हणून. त्यातून पेशंट वाट बघतोय, हातात जड बॅग, वर ऊन. सिस्टरनी रेटली असती तर हेड वाकलंच असतं. त्या दिवशी त्यांना विचारायचा धीर सोयऱ्यांना झाला नाही.

पुढच्या फेरीला सिस्टर गाडीनेच आल्या. त्या पट्टी सोडत असताना सोयरे दारात येऊन उभे राहिले.

"आई, मी यांच्या गाडीत उलटा पंप बसवला होता. त्यापायी यांची त्या दिवशी पायपीट झाली."

आई कोपरावर टेकून अर्धवट उठली. लेकाची बाजू घेतल्याशिवाय तिला चैन पडणार होती थोडीच.

"असं करायचा नाही हो तो," ती सिस्टरना म्हणाली. "त्याच्या हातची गाडी कधी रस्त्यात तापल्याचं मी तरी ऐकलं नाही."

"मीही नव्हतं ऐकलं, आजी," सिस्टर जखमेवरून नजर न काढता म्हणाल्या. "म्हणून तर काटा हलला तशी थांबले. दुसऱ्या कुणी केलेली असती तर आणली असती दामटत. सोयऱ्यांनी केलेली गाडी तापतेय म्हणजे काहीतरी मोठंच असणार, म्हटलं."

 सोयरे खाली बसले आणि सिस्टरना ट्रेमधले कापसाचे बोळे एकेक करून हातात देऊ लागले.