नानांच्या गाडीला चहा लागतो

सन दोन हजार बावीस. मार्गशीर्ष. कापसाची वेचणी जोरात होती. सकाळी थंडी अशी की लोखंडाला हात लावला की लोखंड चावायचं. त्या दिवसांत नानांची गाडी माझ्या गॅरेजला आली.

किस्से आम्हाला गोळा करावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी उघडली की एखादा नट जास्तीचा निघतोच. तो मी डब्यात टाकतो. किस्सेही तसेच साठले आहेत. कोणता कोणत्या गाडीचा हे विसरायला होतं, पण फेकवत नाही.

माझं गॅरेज पारोळ्याला, धुळ्याच्या रस्त्यावर. शिक्षण चौथी. खोटं मी बोलत नाही. बिलात नाही, घरातही नाही. गिऱ्हाईक रागावून जातं आणि पुन्हा माझ्याकडेच येतं.

नाना धुळ्याचे जुने मिस्त्री. माझ्याहून मोठे. साखरेनं त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून नेला. दवाखान्यातून घरी आले, कुबडी भिंतीला टेकवली आणि पोराला म्हणाले, "क्लच नसलेली गाडी शोध."

पोरगा पुण्याला नोकरीला. त्याने एक जुनी मोठी गाडी आणून दिली. ऑटोमॅटिक. ब्रेक आणि रेस, दोनच पेडल, सगळं काम उजव्या पायाचं. त्या गाडीने नाना पुन्हा माणसांत आले. बाजाराला, लग्नाला, कुणाच्या दहाव्याला, स्वतः चालवत जायचे. शेजारी त्यांची बायको. तिला सगळे अक्का म्हणतात.

मग गाडी घसरायला लागली. रस्त्यावरून नव्हे. रेस दिली की इंजिन ओरडायचं, काटा वर चढायचा, आणि गाडी रांगायची. जोर मध्येच कुठे तरी गळायचा. धुळ्यातल्या एका मोठ्या गॅरेजने सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स बदला. तेवढ्या पैशात दुसरी गाडी आली असती. पोराने पुण्याहून फोन केला, "गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येतो. गाडी देऊन टाकू, तुम्ही दोघं इकडे चला."

नानांनी माझ्या दारात काच खाली केली.

"आबा, रविवारना आत व्हई का? गाडी गयी म्हणजे मी खाटवर गया!"

"उघडल्याशिवाय सांगत नाही," मी म्हणालो.

*

पहिली ऑटोमॅटिक माझ्याकडे आणली ती चोपड्याच्या एका केळीवाल्याने. जन्मभर क्लच दाबलेला माणूस. चौकात आला, डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, सापडला ब्रेक. दाबला सगळा! मागची सासू पुढे, पुढचा साडू काचेला, आणि केळीचा घड साडूच्या मांडीवर.

माझ्याकडे येऊन म्हणतो, "आबा, गाडी मधीच आपोआप थांबस!"

"गाडी नाही थांबत. तुझा डावा पाय थांबवतो. तो सीटखाली दुमडून बस."

हा किस्सा मी नानांना सांगितला. त्यांनी आपल्या विजारीच्या रिकाम्या पायाकडे बघितलं.

"मनाकडतीन ती चूक व्हणार नही!"

आम्ही दोघं हसलो. अक्का हसली नाही.

*

दुसरा पिंपळनेरकडचा. त्याने ऑटोमॅटिक गाडीला कापसाची ट्रॉली जोडली आणि चढावर घातली. का, तर म्हणे, "ऑटोमॅटिक शे ना, मंग आपोआप ओढी!"

ओढली. वर पोचेपर्यंत ओढली. तिथून ती दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागे दोरीने माझ्याकडे आली.

मी गिअरबॉक्सची तेलकाठी बाहेर काढली आणि त्याच्या नाकाजवळ धरली. करपलेल्या फोडणीचा वास. तेल काळं.

"हे तेल लाल असलं तर गाडी जिवंत," मी सांगितलं. "तपकिरी झालं तर आजारी. काळं आणि करपलेलं असलं तर पाहुण्यांना कळवायचं."

म्हणून नानांच्या गाडीची मी आधी काठीच काढली. गाडी सपाट जागेवर, इंजिन तापलेलं आणि चालू. या गिअरबॉक्सचं तेल असंच बघायचं असतं. थंड गाडीचं तेल बघणारा स्वतःला फसवतो. तेल पुरेसं होतं. रंग थोडा तपकिरी. करपलेला वास नाही. म्हणजे आतल्या प्लेटा जळलेल्या नव्हत्या.

"मरेल नही शे ना?" नानांनी खुर्चीवरून विचारलं. त्यांना मी निंबाखाली बसवलं होतं.

"आजारी आहे."

"आजारी तं मीबी शे. मग?"

*

नानांचा स्वभाव सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

नानांच्या गॅरेजात एकच नियम होता. उघड्या इंजिनाजवळ सूत सुटणारी चिंधी न्यायची नाही. ते म्हणायचे, "नट पडला तर आवाज करतो. चिंधी मुकाट्याने मारते."

अक्काचा सख्खा भाऊ त्यांच्याकडे कामाला होता. हुशार, कष्टाळू. एकदा त्याच्या हातून इंजिनाच्या तोंडात चिंधी राहिली. इंजिन गेलं. नानांनी ते भरून दिलं, मेहुण्याच्या हातात हिशेबाचे पैसे ठेवले आणि म्हणाले, "घर जाय."

तेव्हापासून नाना त्या घरी जेवले नाहीत. भाऊबीजेला अक्का एकटी जाते. नाना गाडीतून दारापर्यंत सोडतात, काच वर करतात आणि बाहेर बसून राहतात. ओवाळणं झालं की मेहुणा ताट घेऊन गाडीपर्यंत येतो. काच खाली होत नाही.

मी एकदा म्हणालो, "नाना, झालं आता. केवढी वर्षं झाली."

"इंजिन परत उनं का?" ते म्हणाले.

इंजिन परत आलं नव्हतं, हे खरं. मी विषय सोडला.

*

आता माझ्याकडचं.

मी तरणा असताना जॅक सटकला आणि माझा उजवा हात गाडीखाली सापडला. प्लास्टर खांद्यापर्यंत. हंगामाचे दिवस, दारात गाड्या उभ्या, घरात खाणारी तोंडं. मी गॅरेजला कुलूप लावायला निघालो होतो. नाना धुळ्याहून एस.टी.ने आले. तोवर आमची ओळख म्हणजे एकमेकांची गिऱ्हाईकं पळवण्याइतकीच.

म्हणाले, "किल्ली दे."

माझं प्लास्टर निघेपर्यंत ते रोज आले. सकाळची एस.टी. येताना, संध्याकाळची जाताना. स्वतःच्या गॅरेजात कमी बसले, माझ्या जास्त. जो पैसा आला तो माझ्या बायकोच्या हातात दिला. हात मोकळा झाल्यावर मी विचारलं, "नाना, याचं काय द्यायचं?"

"ऱ्हाऊ दे तुनाकडे. लागी तवय मागसू."

त्यांनी कधी मागितलं नाही. मला कुणाचं देणं ठेवायला आवडत नाही. डोक्यावर असलं की मान वाकडी होते. पण नानांना काही लागेल तर ना! पाय गेला तेव्हा मी विचारायला गेलो, तर मलाच चहा पाजून परत पाठवलं.

या वेळीही काच खाली करताना त्यांनी त्याची आठवण काढली नाही. मी काढली. मनात.

*

युनूस आमचा स्कॅनरवाला. जुना दोस्त. त्याने गाडीला मशीन जोडलं, बराच वेळ बघितलं.

"आबा, मशीन म्हणतंय गिअर घसरतोय."

"हे नानांनी काच खाली करून फुकट सांगितलं!"

"ऐकून तर घ्या. वायर, सेन्सर सगळं ठीक आहे. विजेचा दोष नाही. जे आहे ते पोटात आहे."

हे त्याने बरोबर सांगितलं. अर्धं काम तिथेच कमी झालं.

मग आम्ही गाडी धुळ्याच्या रस्त्याला काढली. नाना चालवत, मी शेजारी, अक्का आणि युनूस मागे. सुरुवातीला गाडी नव्या नवरीसारखी नीट. अर्ध्या वाटेवर ओरडायला लागली. भिकाच्या टपरीवर थांबलो, इंजिन बंद केलं, चहा घेतला. पुन्हा निघालो तर गाडी एकदम सरळ! थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. वळून टपरीवर आलो. पुन्हा चहा. पुन्हा गाडी सरळ.

भिका कपबश्या विसळत म्हणाला, "नाना, तुमनी गाडीले चहा लागस!"

सगळे हसले. मी कप खाली ठेवला.

विहिरीच्या मोटारीचं असंच होतं. पाइपाच्या जाळीला पाला चिकटला की मोटार ओरडते, पाणी येत नाही. मोटार बंद केली की पाला सुटून खाली बसतो. पुन्हा चालू केली की थोडा वेळ पाणी येतं, मग पाला पुन्हा ओढला जातो.

गिअरबॉक्सच्या पोटातही एक गाळणी असते. तिच्यातून तेल ओढलं जातं. ते कमी पडलं की दाब उतरतो, प्लेटा घट्ट धरत नाहीत, गाडी घसरते.

"नाना, तुमच्या विहिरीत पाला आहे," मी म्हणालो.

नाना म्हणाले, "तेलनी विहीर बंद ऱ्हास. पाला कथाईन उना?"

कुठून आला, ते मलाही माहीत नव्हतं.

*

शनिवारी सकाळी गाडी वर घेतली. नाना निंबाखाली खुर्चीवर. अक्काने घरून भरीत आणि कळण्याची भाकरी आणलेली. तिला बसवत नव्हतं. ती गाडीपाशीच उभी.

मी तेल सोडलं, गिअरबॉक्सच्या तळाचं ताट उतरवलं. ताटातल्या लोहचुंबकाला थोडीशी राख चिकटलेली, जुन्या गाडीला असते तेवढीच. धातूचा चुरा नाही. जीव शाबूत होता.

मग गाळणी सोडवली. जाळीच दिसेना. तिच्यावर करड्या रंगाचा थर बसलेला, घोंगडीच्या तुकड्यासारखा. मी पकडीने ओढला. सलग निघाला. बोटांत चोळला. धागा सुटला.

कापूस.

अक्का वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, माझ्याकडून काही राहिलं नाही ना? त्यांना आता बोनेटपाशी उभं राहवत नाही. रोज सकाळी मीच काठी बघते. त्यांनी शिकवलंय तसंच, गाडी तापवून. एक दिवस चुकवला नाही."

"कशाने पुसता, अक्का?"

"देवाच्या वातीचा कापूस असतो ना, त्याने. घरात त्याच्यापेक्षा स्वच्छ दुसरं काय?"

रोज एक-दोन तंतू काठीला चिकटून आत गेले होते. मी अक्काच्या तोंडाकडे बघितलं. तिला काहीच माहीत नव्हतं.

"काय सापडनं?" निंबाखालून नानांचा आवाज.

"गाळणी बुजली होती."

"कसानी?"

अक्का माझ्याकडे बघत होती. रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला.

"वयानं," मी म्हणालो. "जुन्या प्लेटांचा भुगा. जुन्या गाडीचं होतं असं."

"आन इकडे. दखाड."

मी तो थर फडक्यात गुंडाळून बाजूला टाकला. जाळी तारेची होती. डिझेलमध्ये धुतली, वाऱ्याने उडवली, मग नेली. नानांनी ती उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली. लखलखीत. त्यांनी माझा हात धरला. माझ्या अंगठ्याच्या नखाशी एक तंतू राहिला होता. तो त्यांनी चिमटीने काढला.

मिस्त्री माणूस. त्याला काय दाखवायचं आणि काय लपवायचं!

नानांनी तो तंतू अंगठा आणि बोटामध्ये वळला. वळत राहिले. नजर गाडीपाशी उभ्या असलेल्या अक्काकडे. ती भाकरीचं फडकं सोडत होती.

"जेवून घ्या आधी," ती म्हणाली. "भरीत गार होतंय."

"हां," नाना म्हणाले. "उनू."

 नानांनी भरीत दोनदा मागून घेतलं.

नवं तेल भरलं. मी घरात जाऊन बायकोची जुनी नायलॉनची साडी फाडली आणि तुकडे अक्काच्या हातात दिले.

"या नव्या तेलाला हेच फडकं लागतं. दुसरं चालत नाही."

"कापूसबी नाही?"

"कापूस देवाला ठेवा."

गाडी धुळ्याच्या रस्त्याला काढली. नाना चालवत, मी शेजारी, अक्का मागे. भिकाची टपरी आली. भिकाने किटली वर करून दाखवली. गाडी थांबली नाही. इंजिन शांत, काटा जागेवर. पोराचा फोन आला. नानांनी अक्काला घ्यायला सांगितला आणि तिच्याकडूनच निरोप दिला, "त्या गिऱ्हाईकले सांग, मालक गाडी चालवी ऱ्हायना."

धुळ्यात शिरल्यावर नानांनी घराचा रस्ता सोडला. अक्का म्हणाली, "इकडे कुठे?"  नानांनी मेहुण्याच्या दारात गाडी उभी केली. हॉर्न वाजवला. काच खाली केली.

मेहुणा ओट्यावर आला आणि तिथेच थबकला.

"पाणी आन," नाना त्याला म्हणाले.

अक्का मागच्या सीटवर तशीच बसलेली. मी दार उघडून खाली उतरलो. नानांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "आबा, तुनं-मनं फिटनं."

मी पारोळ्याची एस.टी. धरली.