खुर्चीवाल्या बाई

गुन्हेगाराला खुर्ची द्यायची आणि आपण उभं राहायचं, ही आमच्या बाईंची तऱ्हा. खोडी केलेलं पोर शिक्षकखोलीत आलं की त्या स्वतःची खुर्ची पुढे सरकवायच्या. "बस. आता तुझं म्हणणं सांग." छडीला निर्ढावलेली मुलंसुद्धा त्या खुर्चीत बसली की रडकुंडीला यायची. आम्ही त्यांना खुर्चीवाल्या बाई म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

आमच्या तोंडवली गावातल्या पालकांना हे लाड वाटायचे. एकदा एक वडील मुलाचं बखोट धरून आले. "बाई, ह्येका बरो फोडून काढा!"

"फोडूक तो काय नारळ आसा?" बाई म्हणाल्या.

वडील हसले, पण त्यांना काही पटलं नाही. बाईंना वर्ग आवरत नाही, असंच गावात बोललं जायचं. बाई ते ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची सरकवायच्या. भारी हट्टी.

शमा माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील वारले होते. घरात आई आणि ती. आमच्याकडे रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात आणि दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो. जाळं काही शाळेची घंटा बघून येत नाही. मग शमा ओल्या सलवारीने, पायाला वाळू घेऊन उशिरा यायची. आम्ही आठवीत गेलो तेव्हा नव्या मुख्याध्यापकांनी उशिरा येणाऱ्यांना फाटकाबाहेर उभं करायचा नियम काढला. बाई पुस्तक घेऊन सरळ फाटकाबाहेर गेल्या आणि तिथेच शमाला गणित शिकवू लागल्या. मुख्याध्यापक संतापले, तेव्हा म्हणाल्या, "सर, आठवीपर्यंत कुणालाही शाळेबाहेर काढता येत नाही. तो तिचा हक्क आहे, माझी मेहेरबानी नाही."

पुढे बाई प्रशिक्षणासाठी कुडाळला गेल्या आणि नेमक्या त्याच दिवशी शमाच्या आईला बोलावून मुख्याध्यापकांनी शमाचा शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. शमाला कुणी एक शब्द विचारला नाही. ती सारखी दाराकडे बघत होती. "बाई येतल्यो मा गो?" एवढंच तिने मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी धावल्या, तोवर आईने शरमेने पोरीला सकाळच्या एसटीने शिरोड्याला मावशीकडे धाडलं होतं. शिक्षण खात्यात खेपा घालून बाईंनी तो दाखला रद्द करवला. त्याला काही महिने गेले. आदेश हातात पडताच त्या शिरोड्याला गेल्या. मावशीने दारातूनच सांगितलं, "पोरगी आता शाळेचा नाव काढूक देत नाय," आणि शमाला बाहेर बोलावलंच नाही. परत आल्यावर बाई खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या तासाला त्यांनी काहीच शिकवलं नाही.

निवृत्तीनंतर त्या आजारी पडल्या. मी भेटायला गेले की आधी एकच प्रश्न, "शमा भेटली काय गो?" मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "तिचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं." गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. माझ्या आईनंतर मी इतकी कुणासाठी रडले नव्हते.

परवा शिरोड्याच्या बाजारात एका मासळीवालीने मला हाक मारली. शमा! मुलाबाळांची चौकशी झाली. मग बांगडे सारखे करत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "दाखलो देतले, ता बाईंका आधीच म्हायती हुता मा? म्हणानच त्यो त्या दिवशी इल्यो नाय?"

इतकी वर्षं ही हे उराशी घेऊन बसली होती! मी तिला सगळं सांगितलं: कुडाळ, तो आदेश, मावशीचं दार.

"हंय इल्ल्यो? माझ्यासाठी?" तिने बांगडे तसेच सोडले. "माका कोणी सांगूकच नाय गो."

गिऱ्हाईकं समोर उभी होती. ती पाटीशेजारी बसून लहान मुलीसारखी रडली. बाई गेल्या, हे सांगायचं अजून राहिलंच होतं. तेवढ्यात ओढणीने डोळे पुसून ती उठली.

"चल, माका त्यांच्याकडे घेवन चल," ती म्हणाली. "आत्ताच."