वरच्या फळीवरच्या पेशी

संशोधनासाठी जागा मागायला गेले, तेव्हा मठपती सरांना मी प्रथम भेटले. रक्ताच्या कर्करोगात काय होते, असे त्यांनी विचारले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, हे घोकलेले उत्तर मी दिले. "वाढतात हो, पण जाणत्या, पक्व होत नाहीत. त्यांना जाणतं करता येतं का ते बघू," सर म्हणाले. तेच माझे काम ठरले.

पेप्टाइडे म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे. ती कृत्रिम रीतीने बनवून उंदराच्या रोगट पेशींना द्यायची आणि परिणाम पाहायचा. आणीबाणीच्या आदल्या वर्षी, ऐन मे महिन्यात, पेप्टाइड दिलेल्या पेशींची वाढ थांबली. माझे पाय जमिनीला लागेनात. सरांनी विभागाच्या बैठकीत कौतुकाने सांगितले, प्रबंधही टंकून झाला.

मग एका दुपारी पेशी वाढवायची उबेची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, पुसताना आमचे शिपाई शिवाप्पा म्हणाले, "बाई, वरची फळी लई तापती की. खालची तेवडी न्हाय."

ती पेटी ऊब देते, गारवा नाही. आणि सोलापूरचा उन्हाळा तर खोलीतच शिरलेला. पेप्टाइड दिलेल्या पेशींच्या काचेच्या बश्या मी नेहमी वर ठेवी, तुलनेसाठीच्या बिनपेप्टाइडाच्या खाली. पेशी उष्म्याने मेल्या होत्या. तीन वर्षे पाण्यात जाणार म्हणून दोन दिवस मी गप्प राहिले, मग सरांना सांगून टाकले.

सर रागावले नाहीत. पुढच्या बैठकीत, हसायला टपलेल्या मंडळींसमोर, ते उभे राहिले. "तापमान मी तपासायला हवं होतं. चूक माझी आहे," एवढेच बोलले. माझे नाव त्यांनी घेतले नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

नंतर खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागले. सर स्वतः त्यांवर पाणी मारीत. बश्यांच्या जागा रोज बदलल्या. या खेपेस वाढ थांबली नाही. पण पेप्टाइड दिलेल्या थोड्या पेशी जाणत्या होताना दिसल्या. कुठली काच कुठल्या बशीची हे न सांगता सरांनी या पेशी तिघा जणांकडून मोजून घेतल्या, तरी उत्तर तेच आले. मी रडले, तर प्रयोग फसला असे वाटून शिवाप्पा चहा घेऊन आले.

सरांनी आता साठी गाठली आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, यात माझा स्वार्थही आहे. परवा माझ्या विद्यार्थिनीची चूक उघडी पडली, आणि 'चूक माझी आहे' असे चारचौघांत म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ते मला जमेपर्यंत तरी सर हवेतच.