आकाशी कपाटं

ऑइलपेंटचा वास आला की सेलूच्या आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं आठवतात. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून मीच ती आकाशी रंगवली. कारागिराचं काम वाटावं म्हणून सकाळपासून पाठोपाठ तीन हात मारले. रंग ओला असतानाच पाहुणे आले. माझ्या हातांत डबा आणि ब्रश, म्हणून दारं पाठीनं रेटून लावली. ती चिकटली, चहापत्ती, साखर आतच. "दारं कुणी लावली?" आईनं विचारलं. मी बायकोकडे बोट दाखवलं. शेजारच्या घरच्या चहावर सोयरीक जमली, पण बायकोचा वेंधळेपणा नात्यात कायमचा गाजला. परवा अखेर मी तिच्यापाशी कबुली दिली. ती भाजी निवडत म्हणाली, "ठाव हाय की. तुमच्या सदऱ्याची पाठ कुणी घासली व्हती?"